छोटे देश, मोठे खटले

डब्यातल्या माशाला काय म्हणायचं, यावरून एका देशानं अख्ख्या युरोपीय महासंघाला हरवलंय! देश दक्षिण अमेरिकेतला, पेरू. युरोपच्या नियमानं 'सार्डिन' हे नाव फक्त एकाच जातीच्या माशाला लावता येई, तीही युरोपच्या आसपासच्या समुद्रात मिळणारी. पेरूचा मासा आपल्या तारलीसारखाच याच कुळातला, पण जात वेगळी. म्हणून डब्यावर सार्डिन लिहायला बंदी, आणि ओळखीचं नाव नसलेला डबा घेणार कोण? पेरूनं जिनिव्हात जागतिक व्यापार संघटनेकडे, म्हणजे डब्ल्यूटीओकडे, दाद मागितली. कोडेक्स ही खाद्यपदार्थांची आंतरराष्ट्रीय मानकं. सोबत देशाचं किंवा जातीचं नाव लिहिलं तर 'सार्डिन' चालतं, असं त्यांत स्पष्टच होतं. 2002 मध्ये अपिलातही पेरू जिंकला. पुढच्याच वर्षी युरोपनं नियम बदलला.

खटल्यासाठी वकील कुठून आणले? जिनिव्हातच एक कायदा सल्ला केंद्र आहे, 2001 मध्ये सुरू झालेलं. विकसनशील देशांना सल्ला द्यायचा, खटल्यात त्यांची बाजू मांडायची आणि फी परवडेल अशी घ्यायची, एवढंच त्याचं काम. पेरूला याच केंद्रानं मदत केली. केंद्राच्या निधीत युरोपातल्या श्रीमंत देशांचा मोठा वाटा, आणि इथे खटला युरोपवरच! मला ही व्यवस्था मनापासून आवडते.

आता जरा घराजवळ. जगातल्या सर्वांत कमी विकसित देशांपैकी एकानं स्वतः फिर्यादी होऊन डब्ल्यूटीओत तक्रार नेल्याचं एकच उदाहरण आहे: बांगलादेश. आणि समोर कोण? भारत. वाद होता बॅटऱ्यांचा. बांगलादेशी लेड-ॲसिड बॅटऱ्यांवर भारतानं अँटी-डंपिंग शुल्क, म्हणजे फार स्वस्तात येणाऱ्या मालावरचा जादा कर, बसवलं होतं. 2004 मध्ये बांगलादेशानं तक्रार केली, 2005 मध्ये भारतानं शुल्क काढून टाकलं. सुनावणीची पाळीच आली नाही. आपल्याविरुद्धची असली, तरी या तक्रारीचं मोल कमी होत नाही.

गरीब देशांच्या बाजूचे नियम घडवण्यात दिल्लीचाही वाटा आहे. गरीब देशांच्या मालाला श्रीमंत देशांनी कमी आयातशुल्क लावावं, ही कल्पना 1968 मध्ये दिल्लीत भरलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार परिषदेत मान्य झाली. पण ही सवलत देणाऱ्याच्या मर्जीवर चालते: अमेरिकेनं भारताची सवलत जून 2019 मध्ये काढून घेतली. युरोपची 2001 पासूनची योजना अधिक उदार आहे. सर्वांत कमी विकसित देशांनी शस्त्रास्त्रं सोडून काहीही पाठवावं, शुल्क शून्य.

डब्ल्यूटीओचे नियम आपल्या बाजारातही दिसतात. हापूसला 2018 मध्ये आणि कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, ते 1999 च्या भारतीय कायद्यानं. तो कायदा आला डब्ल्यूटीओच्या ट्रिप्स या बौद्धिक संपदेवरच्या करारामुळे.

औषधांच्या पेटंटमुळे याच ट्रिप्सवर सर्वाधिक टीका झाली, आणि ती रास्त होती. त्यातून 2003 मध्ये एक वाट निघाली: ज्या देशात औषधाचे कारखाने नाहीत, त्यानं दुसऱ्या देशातून पेटंटधारी औषधाची स्वस्त आवृत्ती बनवून घ्यावी. रवांडानं एचआयव्हीच्या गोळ्या कॅनडातून अशा मागवल्या. गोळ्या निघाल्या 2008 मध्ये, नियमानंतर तब्बल पाच वर्षांनी! त्यानंतर या वाटेनं औषध दुसऱ्या कुठल्याही देशात पोहोचलेलं नाही. नियम चांगला, पण कागदपत्रं रोग्याला परवडणारी नाहीत.

अँटिग्वा आणि बार्बुडाची लोकसंख्या जेमतेम लाखभर. ऑनलाइन जुगाराच्या वादात या देशानं डब्ल्यूटीओत अमेरिकेला हरवलं. भरपाई म्हणून वर्षाला 2 कोटी 10 लाख डॉलरपर्यंत अमेरिकी कॉपीराइट-पेटंटचं बंधन न पाळण्याची मुभा त्याला मिळाली. अँटिग्वानं ती आजवर वापरलेली नाही. बड्या देशाशी वैर परवडत नाही, आणि नियम तिथे हात टेकतात.

आज मात्र अडचण त्याहून मोठी आहे. डब्ल्यूटीओच्या अपील मंडळात सात सदस्य हवेत. अमेरिकेनं नेमणुका अडवल्यामुळे डिसेंबर 2019 पासून तिथे अपील ऐकायला पुरेसे सदस्यच नाहीत. हरलेला देश अपील करतो आणि निकाल तिथेच अडकून पडतो. मंडळ पुन्हा उभं करा, अशी भारताची मागणी आहे. ती भारतानं सोडू नये.