विरळ हवेतली सायकल

नवी मुंबईत पावण्याच्या एमआयडीसीत, खाडीलगत, हवेचा दाब पाऱ्याच्या 760 मिलिमीटरच्या आसपास असतो. महाराष्ट्राचं टोक म्हणजे कळसूबाई, 1646 मीटर. तिथे धाप लागते ती चढाने; विरळ हवेचा वाटा थोडाच. इथल्या महाविद्यालयाला उंचीवरच्या व्यायामाचं शरीरशास्त्र मुलांना प्रत्यक्ष दाखवायचं, तर सहल लेहला, 3500 मीटरवर न्यावी लागेल. अशा अभ्याससहलींचा इतिहास रंजक आहे, कारण त्यात हुशार माणसं वारंवार चुकली.

1911 साली हाल्डेन, डग्लस, हेंडरसन आणि कोलोरॅडो कॉलेजचे श्नायडर हे शास्त्रज्ञ कोलोरॅडोतल्या पाइक्स पीक शिखरावर, 4300 मीटरवर, काही आठवडे राहिले. फुप्फुसं ऑक्सिजन स्वतःहून रक्तात ढकलतात, असं हाल्डेन यांनी ठरवलं. बारक्रॉफ्ट यांनी 1920 मध्ये काचेच्या खोलीत स्वतःला कोंडून घेऊन ते खोडलं. टिकली ती त्याच मोहिमेतल्या मेबल फिट्झगेराल्ड यांची मोजमापं. खाणकामगारांच्या गावांतून एकटीने हिंडून त्यांनी तिथल्या लोकांचं हिमोग्लोबिन आणि श्वास तपासला. ऑक्सफर्डने मानद पदवी दिली 1972 मध्ये, बाई शंभर वर्षांच्या झाल्यावर! असो.

1960-61 च्या हिवाळ्यात ग्रिफिथ प्यू यांच्या चमूने एव्हरेस्टच्या परिसरात 5800 मीटरवर चंदेरी झोपडी थाटली. कोलकात्यात शिकलेले सुखमय लाहिरीही त्यात होते. आत व्यायामाची सायकल. तीच पुढे मकालूच्या खिंडीत, 7440 मीटरवर नेऊन चमूतल्या वेस्ट आणि वॉर्ड यांनी पायडल मारले. आकड्यांचा कल असा, की एव्हरेस्टच्या माथ्यावर मिळणारा ऑक्सिजन जेमतेम जिवंत राहण्यापुरता. चढायला उरणार काय?

1978 मध्ये गिर्यारोहक मेसनर आणि हाबेलर ऑक्सिजनच्या नळकांड्यांशिवाय एव्हरेस्ट चढले. मग 1981 मध्ये क्रिस पिझ्झो यांनी माथ्यावर दाब मोजला: 253 मिलिमीटर. विमानांसाठीच्या ठरीव कोष्टकाप्रमाणे तो 236 यायला हवा होता. एव्हरेस्ट 28 अंश अक्षांशावर आहे आणि विषुववृत्ताच्या बाजूला वातावरणाचा थर जाड असतो. हे 17 मिलिमीटर क्षुल्लक वाटतात, पण तिथे माणसाचं सगळं त्यांच्यावरच तोललेलं असतं. हाच डोंगर अलास्कात असता, तर नळकांड्यांशिवाय बहुधा कुणी चढलं नसतं.

हा दाब ऋतूप्रमाणेही बदलतो. उन्हाळ्यात वाढतो, थंडीत उतरतो. सुरेंद्र चव्हाण 1998 मध्ये एव्हरेस्टवर पोहोचणारे पहिले मराठी गिर्यारोहक ठरले, ते मे महिन्यात. कडाक्याच्या थंडीत नळकांड्याविना माथा गाठला तो अंग रिता शेर्पाने, डिसेंबर 1987 मध्ये.