अंगठ्याचं मूळ दुखतंय? ऑपरेशन कधी करावं, काय करतात, कामाला कधी लागता येतं

जळगाव/धुळे : कापूस वेचणं, शेंगा तोडणं, निंदणी, भाकरी थापणं, कपडे पिळणं. खान्देशात शेतातली आणि घरातली बरीच कामं अंगठ्याच्या जोरावर चालतात. पन्नाशीच्या आसपास अनेक बायांचं अंगठ्याचं मूळ दुखू लागतं. 'वयाचं दुखणं' म्हणून ते अंगावर काढलं जातं. मात्र यावर उपचार आहेत, आणि गरज पडल्यास ऑपरेशनही आहे.

नेमकं काय बिघडतं?

अंगठ्याचं हाड मनगटाजवळच्या 'ट्रॅपेझियम' नावाच्या छोट्या हाडावर टेकतं. तिथली मऊ कूर्चा झिजली की हाडावर हाड घासतं. चिमटीत १ किलोचा जोर लावला, तर या सांध्यावर सुमारे १२ किलोचा भार येतो. त्यामुळे डब्याचं झाकण उघडताना किंवा कुलपात किल्ली फिरवताना कळ येते. पुढे मुळाशी उंचवटा दिसतो, पकड सुटते. बोटांना मुंग्या येत असतील तर मात्र आजार वेगळा असू शकतो. तपासणी आणि एक्स-रेवरून निदान होतं.

आधी काय करावं?

लगेच ऑपरेशन नाही. अंगठ्याला आधार देणारा पट्टा, व्यायाम, जाड मुठीची अवजारं आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या यांनी अनेकांचं भागतं. सांध्यातल्या इंजेक्शनचा आराम तात्पुरता असतो, आणि मधुमेह असेल तर त्याने काही दिवस साखर वाढू शकते. काही महिने हे सगळं करूनही रात्रीची झोप मोडत असेल, हातातलं काम सुटत असेल, तर ऑपरेशनचा विचार होतो.

ऑपरेशन कोणतं?

झिजलेलं ट्रॅपेझियम हाड काढून टाकणं ही जुनी आणि भरवशाची पद्धत. इंग्लंडमधले सर्जन जर्विस यांनी ती १९४९ मध्ये मांडली. काही सर्जन मनगटाजवळच्या स्नायूच्या दोरीचा तुकडा घेऊन रिकाम्या जागी आधार देतात. मात्र त्याने दुखणं जास्त कमी होतं, असं अभ्यासांत दिसलेलं नाही. तरुण, जड काम करणाऱ्यांसाठी सांधा कायमचा जोडण्याचा पर्याय असतो. त्यात जोर टिकतो, पण तळहात सपाट टेकवणं अवघड जातं. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचं हाड उशिरा जुळतं, हेही लक्षात ठेवावं.

जंतुसंसर्ग, त्वचेला बधिरपणा, अंगठा आखडणं हे धोके आहेत. ते आधीच विचारून घ्यावेत.

हंगाम बघून तारीख ठरवा

साधारण ४ ते ६ आठवडे हात प्लास्टरमध्ये किंवा पट्ट्यात राहतो. मग फिजिओथेरपी. जड कामाला ३ ते ४ महिने लागतात, पूर्ण जोर यायला ६ महिने ते वर्षही जातं. म्हणून वेचणी उरकल्यावर, फेब्रुवारी-मार्चमध्ये ऑपरेशन केलं तर पुढच्या वेचणीपर्यंत हात बराच सावरतो. दोन्ही हात दुखत असले तरी सहसा एका वेळी एकाच हाताचं ऑपरेशन करतात. तेवढे दिवस पाणी भरणं, धुणं, स्वयंपाक घरच्यांनी वाटून घ्यावा लागेल. बाईने प्लास्टर लावूनच भाकरी थापली, तर ऑपरेशनचा उपयोग काय?

कुठे दाखवावं?

जळगाव आणि धुळे इथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत अस्थिरोग विभाग आहे. जाताना जुने एक्स-रे, सुरू असलेल्या गोळ्या, रेशन कार्ड आणि आधार कार्ड सोबत ठेवावं. हे ऑपरेशन महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत बसतं का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला तारीख ठरवण्याआधीच विचारावं.