हयात वंशांवरून मृतांचा हिशेब

फैजपूरच्या उत्तरेला केळीचे मळे संपून सातपुड्याचा पायथा लागला, की पुढे यावल अभयारण्याचे सागवानी रान सुरू होते. आणि या रानात भर दिवसा उघड्या फांदीवर बसून शेपटीला हिसके देणारा जो वनपिंगळा राहतो, त्याच्याइतका जीवसृष्टीच्या जमाखर्चाचा बोलका दाखला खानदेशात दुसरा सापडणे कठीण. गावकुसाजवळच्या झाडांच्या ढोलीत राहणारा नेहमीचा पिंगळा आणि हा वनपिंगळा प्रथमदर्शनी सारखेच वाटतात. परंतु दुर्बीण लावून पाहावे, तर गावातल्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके स्वच्छ उमटलेले असतात, आणि वनपिंगळ्याचा माथा मात्र जवळजवळ बिनठिपक्यांचा, पोट पांढरेशुभ्र आणि पाय दणकट, दाट पिसांनी मढवलेले दिसतात.

१८७३ साली पक्षिशास्त्रज्ञ ह्यूमने या पक्ष्याचे शास्त्रीय नामकरण केले, त्यानंतर मोजके नमुने जमा झाले, आणि १८८४ मध्ये जेम्स डेव्हिडसन या गोऱ्या अधिकाऱ्याने खानदेशात मिळवलेल्या नमुन्यानंतर ही जात जणू दप्तरातूनच खारीज झाली. मधल्या काळात गुजरातेतील १९१४ची एक नोंद प्रमाण मानली जात होती. पण पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी केलेल्या तपासात असे उघडकीस आले, की मायनर्टझहागेन या संग्राहकाने डेव्हिडसनचाच नमुना चोरून त्यावर खोटी चिठ्ठी लावली होती. ती लबाडी बाजूला सारून जुन्या अस्सल नोंदींच्या मुलखात शोध घेतला गेला, तेव्हा २५ नोव्हेंबर १९९७ रोजी, म्हणजे ११३ वर्षांनी, शहाद्याजवळ वनपिंगळा जिवंत दिसला.

अवघ्या शतकभराच्या अवधीत एक जात आहे की गेली याचा निवाडा जर इतका फसवा ठरतो, तर कोट्यवधी वर्षांत जाती किती वेगाने उपजल्या आणि किती वेगाने लोपल्या हे शास्त्रज्ञ कशाच्या आधारे सांगतात, हा प्रश्न कोणाही विचारी वाचकाच्या मनात उभा राहील. पहिला आधार अर्थातच जीवाश्मांचा. समुद्रातील शंखशिंपल्यांचे जीवाश्म थरांमागून थरांत विपुल सापडतात, आणि कोणत्या थरात एखादी जात प्रकट झाली व कोणत्या थरानंतर दिसेनाशी झाली हे ताडून तिचे आयुर्मान काढता येते. ते बहुधा दहा लक्ष ते एक कोटी वर्षांच्या दरम्यान भरते. पण पक्ष्यांची पोकळ, नाजूक हाडे क्वचितच दगडात टिकतात.

म्हणून दुसरी वाट निघाली, ती हयात जातींच्या वंशवृक्षाची. दोन जातींच्या जनुकांत किती फरक साठला आहे हे मोजून, आणि ज्ञात जीवाश्मांशी त्याचा मेळ घालून, त्यांचा समाईक पूर्वज कधी होऊन गेला याचा अंदाज बांधतात. वनपिंगळा आणि गावचा पिंगळा यांच्या वाटा सुमारे पन्नास लक्ष वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या असाव्यात असे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून दिसते. आता अशी कल्पना करावी, की एखाद्या गावचे जन्ममृत्यूचे सारे दप्तर जळून गेले आहे आणि हाती केवळ आज हयात असलेल्या माणसांच्या वंशावळी आहेत: निर्वंश झालेली घराणी त्या कागदावर कोठेच नाहीत, तरी किती मेले हे सांगायचे आहे. संख्याशास्त्रज्ञ यूलने १९२५ साली जातींच्या केवळ जन्माचे गणित मांडले, केंडलने १९४८ मध्ये त्यात मृत्यूही घेतला, आणि नी, मे व हार्वे या शास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये दाखवले, की वंशवृक्षाच्या फांद्यांतच मृत्यूची खूण दडलेली असते. प्राचीन फांद्यांपैकी पुष्कळ छाटल्या गेल्या, म्हणून तेथील वाढीचा वेग म्हणजे जन्मातून मृत्यू वजा जाता उरलेली शिल्लक. परंतु अगदी अलीकडे फुटलेल्या फांद्यांना मरायला अवकाशच मिळालेला नाही, म्हणून काळानुसार फांद्यांची संख्या दाखवणारा आलेख शेवटी एकदम चढतो, आणि त्या चढावातून लोपाचा दर काढता येतो.

ही युक्ती मला मानवी बुद्धीच्या सुंदर करामतींपैकी एक वाटते. पण तिच्यावर आंधळा विश्वास ठेवता येत नाही. २०२० साली लूका आणि पेनेल या संशोधकांनी सिद्ध केले, की जन्म-मृत्यूचे दर काळानुसार बदलत असतील, तर एकाच वंशवृक्षाशी तंतोतंत जुळणारे असंख्य निरनिराळे इतिहास रचता येतात. तेव्हा जीवाश्मांची साक्ष नसेल तेथे लोपाचे आकडे सबुरीनेच घ्यावेत, हे माझे मत.

एक गोष्ट मात्र वादातीत आहे. साधारण काळात दहा लक्ष जातींमागे वर्षाला फार तर एक जात लोपते असे धरले, तर पक्ष्यांच्या सुमारे अकरा हजार जातींपैकी १५०० सालापासून पाच-सहा जाती जायला हव्या होत्या. प्रत्यक्षात दीडशेहून अधिक गेल्या आहेत.

वनपिंगळा आजही संकटग्रस्त आहे, आणि घरट्यासाठी त्याला जुन्या झाडांच्या ढोली लागतात. यावल-रावेरच्या वाचकांपैकी ज्यांचे सातपुड्यात जाणे-येणे आहे, त्यांनी बिनठिपक्या माथ्याचा पिंगळा दिवसा दिसल्यास तारीख, ठिकाण आणि शक्य तर छायाचित्र यांसह वनखात्याकडे नोंद द्यावी, आणि ढोलीचे झाड वाळलेले दिसले तरी त्याला कुऱ्हाड लावू देऊ नये.