तोरण्याच्या वाटेवर इंग्वे

शनिवारची पहाट. चेलाडी फाट्यावर कटिंग मारून गाडी वेल्ह्याकडे वळवली. (तालुका आता राजगड झालाय, पण तोंडात वेल्हंच बसलंय.) शेजारी बसलेला मित्र एकदम गप्प. कॉलेजच्या बॅण्डचा हा लीड गिटारिस्ट! आता दिवसभर माऊस आणि कीबोर्ड. सहा महिने उजवं मनगट दुखतंय, फिजिओनं गिटारला बंदी घातलीय. म्हणून मी मुद्दाम इंग्वे माल्मस्टीनचा ‘ओडिसी’ लावला.

इंग्वे माहीत नसेल तर सांगते. स्वीडनचा हा पठ्ठ्या बाख आणि पागानिनीला थेट मेटलच्या अॅम्पमध्ये घेऊन आला. १९८४च्या ‘रायझिंग फोर्स’नं जगभरच्या गिटारवाल्यांची झोप उडवली. हार्मोनिक मायनर, म्हणजे आपल्या कीरवाणीचेच सूर, पण सुसाट! मग जून १९८७मध्ये त्याची जॅग्वार झाडावर आदळली. जवळपास आठवडाभर कोमा, उजव्या हाताच्या नसांना इजा. त्याच दिवसांत आई कॅन्सरनं गेली. त्यानंतरचा अल्बम म्हणजे ‘ओडिसी’.

आणि बॉस, अल्बम सलग चांगला अजिबात नाही. पहिलंच ‘रायझिंग फोर्स’ (हो, जुन्या अल्बमचंच नाव) सॉलिड सुटतं. मग ‘हेवन टुनाइट’मध्ये इंग्वे चक्क रेडिओवाल्यांना लाडीगोडी लावतो. जो लिन टर्नर गातो मस्त, पण गाणं कुणाचंही असू शकलं असतं. अमेरिकेत हाच अल्बम इंग्वेला सगळ्यात वर, चाळिसाव्या नंबरपर्यंत घेऊन गेला, तेव्हा लाडीगोडी फळली म्हणायची! ‘नाऊ इज द टाइम’ मी मार्गासनीच्या आसपास स्किप केलं. ‘फास्टर दॅन द स्पीड ऑफ लाइट’ ऐकताना तर वाटतं, गडी गाणं वाजवत नाहीये, हात चालतोय हे डॉक्टरांना दाखवतोय.

पण ‘ड्रीमिंग’ लागलं आणि मित्रानं काच वर केली. सुरुवातीची ती सावकाश गिटार, प्रत्येक सूर थांबून वाजवलेला. समोर तोरण्याची झुंजार माची ढगातून अर्धी बाहेर. शेवटचं ‘मेमरीज’ तर जेमतेम सव्वा मिनिटाचं, साध्या अकूस्टिकवर. ना ड्रम्स, ना आरडाओरडा. माझ्या मते अख्ख्या अल्बममधला खरा माणूस इथे भेटतो.

गड चढून उतरलो, पिठलं-भाकरी हाणली. परतताना वाट वाकडी करून भोरच्या अलीकडे भाटघरचं पाणी बघायला थांबलो. मित्राची बोटं गुडघ्यावर काहीतरी वाजवत होती. अगदी हळू.

“अॅक्सिडेण्टनंतर किती महिन्यांनी आला गं हा अल्बम?”

“एप्रिल ८८. म्हणजे दहा.”

तो बराच वेळ पाण्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, “फिजिओच्या दोन अपॉइण्टमेण्ट बुडवल्यात मी. मंगळवारी सोडशील का मला?”