दिसायला जुळे, कुळ मात्र वेगळे

शार्क हा मासा आणि डॉल्फिन सस्तन प्राणी. तरी पाण्यात वेगानं पोहायचं म्हणून दोघांचीही शरीरं सारखीच निमुळती झाली. हे उदाहरण आपण शाळेत वाचलेलं असतं. पण आमच्या सदलग्याच्या बाजूला, दूधगंगेकाठच्या उसाच्या पट्ट्यात, अशा जोड्या ओळखता येणं हा जिवाचा प्रश्न असतो.

पहिली जोडी मण्यार आणि कवड्याची. दोघांच्या अंगावर आडवे पांढरे पट्टे, दोघंही रात्री फिरणारे. कवड्या बिनविषारी, पालींच्या मागावर भिंती चढत घरात येतो. मण्यार मात्र अतिविषारी. गंमत म्हणजे मण्यारीचा खरा भाऊबंद कवड्या नव्हे, तर नाग! फणा नाही, रंग वेगळा, तरी कुळ एकच. कवड्या धामणीच्या कुळातला. मण्यारीसारखं दिसण्यानं त्याचे शत्रू बिचकत असावेत.

दुसरी जोडी घोणस आणि डुरक्या घोणस. इथं तर नावानंही फसवलंय. डुरक्या बिनविषारी आणि मांडुळाचा नातलग. घोणशीशी त्याचं जवळचं नातं नाही. आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं, तर दोन ॲपचा स्क्रीन सारखा, पण आतला कोड अगदी वेगळा.

ओळखायचं कसं? कवड्याचे पट्टे मानेकडे ठळक आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचे मानेजवळ पुसट, पुढे शेपटीपर्यंत स्पष्ट आणि बऱ्याचदा जोडीजोडीनं असतात. पण ही माहिती लांबून बघण्यापुरतीच. खात्री करायला जवळ जाऊ नका, सर्पमित्राला बोलवा. बिचारा कवड्या 'मण्यार' म्हणून मारला जातो, हे वाईटच. पण मण्यारीला 'कवड्याच असेल' म्हणणं त्याहून घातक.

कारण मण्यारीचा दंश बऱ्याचदा दुखत नाही, सूजही येत नाही. जमिनीवर झोपलेल्या माणसाला तो कळतही नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं, मग श्वास अडतो. अशा वेळी मांत्रिक नको, जखम कापणं नको, आवळून बांधणंही नको. धीर द्या, हालचाल कमी ठेवा आणि १०८ला फोन करून थेट दवाखाना गाठा. साप पकडून नेण्याचीही गरज नाही. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांच्या विषावर चालतं.

सुट्टीत गावी गेलात की रात्री बाहेर पडताना बॅटरी घ्या, खाटेवर झोपा, मच्छरदाणी नीट खोचा. आजी हेच सांगत आली आहे. कारण आता तुम्हालाही ठाऊक झालं.