सांकेतिक धारिका आणि तिची किल्ली

संगणकाच्या आज्ञावल्या आता बहुधा एकट्याने लिहिल्या जात नाहीत. निरनिराळ्या गावी बसलेली माणसे एकाच आज्ञावलीवर काम करतात आणि कोणी, केव्हा, कोणता बदल केला याची नोंद आवृत्ती-नियंत्रण प्रणालीत राहते. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली तयार केलेली ‘गिट’ ही अशा प्रणालींपैकी सर्वांत प्रचलित होय. तिचे भांडार म्हणजे जणू पाने न फाटणारी नोंदवही. आज खोडलेला मजकूर कालच्या पानावर तसाच असतो आणि भांडाराची संपूर्ण प्रत घेणाऱ्यास कालची पानेही मिळतात.

अडचण येथेच उद्भवते. माहितीसाठा उघडण्यासाठी आज्ञावलीला परवलीचा शब्द लागतो. तो भांडारात उघडा ठेवला, तर भांडार पाहू शकणाऱ्या प्रत्येकाच्या हाती जातो. म्हणून निवडक धारिका सांकेतिक स्वरूपात ठेवणारी साधने निघाली. ‘गिट-क्रिप्ट’ हे त्यांपैकी एक. अधिकृत सदस्याच्या संगणकावर धारिका वाचता येते. भांडारात जाताना मात्र तिचे २५६ बिटांच्या किल्लीने सांकेतिकीकरण होते. धारिकेचे नाव आणि बदलाचे टिपण उघडेच राहते. तेव्हा टिपणातच गुपित लिहिणाऱ्यास या साधनाचा काही उपयोग नाही.

ही किल्ली सहकाऱ्यांना द्यावयाची कशी? प्रत्येक सदस्याजवळ दोन किल्ल्यांची जोडी असते. एक जाहीर, दुसरी खाजगी. जाहीर किल्लीने बंद केलेले तिच्या जोडीच्या खाजगी किल्लीनेच उघडते. त्यामुळे भांडाराची मूळ किल्ली प्रत्येक सदस्याच्या जाहीर किल्लीने स्वतंत्रपणे बंद करून भांडारातच ठेवता येते. नवा सदस्य आला, की आणखी एक बंद प्रत तयार करावयाची.

येणाऱ्याची व्यवस्था अशी सोपी आहे. जाणाऱ्याची तशी नाही. कचेरीतील कपाटाची किल्ली बदलीच्या वेळी परत घेता येते. येथे परत घेण्याला अर्थ उरत नाही, कारण किल्लीची आणि धारिकांची प्रत जाणाऱ्याजवळ राहिलेली असू शकते. गिट-क्रिप्टमध्ये सदस्याचा अधिकार काढून घेण्याची सोयच नाही. हा दोष वाटेल. परंतु खोटा दिलासा देण्यापेक्षा ते बरे. नवी किल्ली तयार केली, तरी जुन्या आवृत्त्या जुन्याच किल्लीने उघडतात. म्हणून सदस्य गेला, की किल्लीबरोबर मूळ परवलीचा शब्दही माहितीसाठ्यातच बदलला पाहिजे. सांकेतिकीकरण सुरू होण्यापूर्वी जो शब्द उघडा नोंदला गेला, त्यालाही हाच उपाय लागू पडतो.

उलट धोका किल्ली हरवण्याचा. सर्व सदस्यांच्या खाजगी किल्ल्या नष्ट झाल्या, तर हे कुलूप तोडून देणारा कारागीर कोठेही मिळणार नाही. यासाठी मूळ किल्लीची एक प्रत भांडाराबाहेर, मोहोरबंद पाकिटात, दोन जबाबदार व्यक्तींच्या ताब्यात ठेवावी आणि ती चालते की नाही हे वर्षातून एकदा दुसऱ्या संगणकावर पडताळून पाहावे.