रिपोर्ट नॉर्मल, तरी दम का लागतो?

अंधेरी असो, बोरिवली असो की मुलुंड-घाटकोपर, स्टेशनपासून सीटी स्कॅनचं सेंटर फार लांब नसतं. कोविडच्या साथीत एचआरसीटी, म्हणजे छातीची बारकाईची सीटी, घरोघरी माहीत झाली; सप्टेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने मशीनच्या क्षमतेनुसार तिचे दर दोन ते तीन हजार रुपयांत बांधून दिले. ‘स्कोअर किती आला?’ हा प्रश्न तेव्हाचा. पण २५ पैकी मिळणारा तो स्कोअर न्यूमोनियाने फुप्फुसाचा किती भाग व्यापला, याचा अंदाज होता. श्वासनलिका किती रुंद आहेत, त्यांची भिंत किती जाड आहे, हे त्यातून कळत नव्हतं. दमा, सीओपीडी (श्वासमार्ग अरुंद करणारा फुप्फुसाचा जुनाट आजार) किंवा जुनाट खोकल्याच्या रुग्णाला मात्र याच मापाशी कर्तव्य असतं.

या मापाबद्दलचा सर्वांत घातक गैरसमज असा: सीटी नॉर्मल, म्हणजे श्वासनलिका ठणठणीत, दम लागतो तो नुसता मनाचा खेळ. कितीतरी रुग्णांना घरातून हे ऐकावं लागतं, आणि पुढची तपासणी तिथेच थांबते.

मुख्य श्वासनळी साधारण दीड-दोन सेंटिमीटर रुंद असते. तिला फाटे फुटत जातात. एवाल्ड वाइबेल यांनी १९६३ मध्ये मांडलेल्या आराखड्यात अशा २३ पिढ्या आहेत. सीटीचं चित्र बहुधा ५१२ गुणिले ५१२ चौकोनांचं असतं. छातीची रुंदी ३५ सेंटिमीटर धरली, तर एक चौकोन जवळपास ०.७ मिलिमीटरचा झाला. दोन मिलिमीटर रुंदीच्या नलिकेची भिंत याहूनही पातळ असते. म्हणून त्याखालच्या नलिका नेहमीच्या सीटीवर भरवशाने मोजता येत नाहीत. आणि सीओपीडीत पहिला बिघाड तिथेच होतो. हॉग, मॅक्लेम आणि थर्लबेक यांनी १९६८ मध्ये दाखवलं, की या आजारात हवेला होणारा अडथळा मुख्यतः याच बारीक नलिकांत वाढतो. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शरीरातून काढलेल्या फुप्फुसांच्या नमुन्यांवर मायक्रो-सीटी, म्हणजे कितीतरी बारीक तपशील टिपणारं स्कॅन, केली, तेव्हा एम्फिसीमा (वायुकोशांच्या भिंतींची नासाडी) दिसण्याआधीच अशा नलिकांची संख्या घटल्याचं आढळलं. हे मशीन जिवंत माणसाच्या छातीसाठी नाही.

मग उपाय काय? एक आडमार्ग आहे. श्वास पूर्ण सोडायला लावून दुसरं स्कॅन घेतात. निरोगी फुप्फुस तेव्हा चित्रात करडं होतं. हवा जिथे अडकते तो भाग काळाच राहतो. त्यातून न दिसणाऱ्या नलिकांचा बिघाड ओळखता येतो. पण आधी करायची चाचणी म्हणजे पीएफटी, नळीत जोरात फुंकण्याची. सीटी रचना दाखवते, पीएफटी हवा किती वेगाने बाहेर पडते ते सांगते. एकीवर दुसरीचं काम भागत नाही.

‘मशीनने मोजलंय, म्हणजे आकडा पक्का’ हेही खरं नाही. खोल श्वास घेतला की नलिका फुलतात, अर्धवट घेतला की आकसतात. ‘श्वास घ्या, रोखून धरा’ ही सूचना म्हणून नीट पाळावी. शिवाय चित्रातल्या धूसर कडांमुळे पातळ भिंत प्रत्यक्षाहून जाड भासते. इथे अंशभर फरकही मोठा असतो: संथ, सरळ प्रवाहात नलिकेची त्रिज्या निम्मी झाली, तर अडथळा सोळापट होतो. रिपोर्टमधलं ‘ब्रॉन्कियल वॉल थिकनिंग’ हे बहुतेक वेळा रेडिओलॉजिस्टने नजरेने केलेलं अनुमान असतं. ते उपयोगी आहे, पण त्यावरून एकट्याने आजाराचं नाव ठरत नाही.

‘ब्रॉन्किएक्टेसिस’ शब्द वाचून टीबी उलटल्याची धास्ती घेणारेही खूप. नलिका शेजारच्या धमनीपेक्षा रुंद दिसली, पुढे निमुळती होत गेली नाही, की हे निदान सुचतं. पासष्टीनंतर धडधाकट माणसांतही नलिका धमनीहून थोडी रुंद सापडते. म्हणून खोकला आणि कफ यांची जोड पाहावीच लागते. टीबीचा संबंध मात्र खरा आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय नोंदणीत ब्रॉन्किएक्टेसिसच्या २,१९५ रुग्णांपैकी ३५.५ टक्के लोकांत मूळ कारण पूर्वीचा क्षयरोग होता. तो बरा झाल्यावर राहिलेला हा व्रण असू शकतो. आता जंतू आहेत का, याचा निकाल थुंकीची तपासणी देते.

‘एक सीटी म्हणजे तीनशे एक्स-रे’ हे वाक्य मे २०२१ मध्ये गाजलं. छातीचा एक एक्स-रे सुमारे ०.०२ मिलिसिव्हर्ट, नेहमीची सीटी सहा-सात. भागाकार बरोबर येतो. पण कमी मात्रेची सीटी दीडच्या आसपास असते, आणि निसर्गाकडून माणसाला वर्षाला जगभरात सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच. आपल्या अणुशक्तीनगरातलं अणुऊर्जा नियामक मंडळ या मशीनना परवाना देतं. गरजेचं स्कॅन भीतीपोटी टाळू नये. गरोदरपणाची शक्यता असेल तर आधी सांगावं, आणि दर दोन महिन्यांनी स्वतःहून स्कॅन काढत बसू नये.

पुन्हा स्कॅन करायची वेळ आलीच, तर जुन्याची सीडी किंवा लिंक सोबत न्या, नुसती फिल्म नको. शक्य असेल तर त्याच सेंटरवर, त्याच पद्धतीने करून घ्या. नलिका वर्षभरात खरोखर रुंदावली का, हे डॉक्टरांना त्या दोन्ही चित्रांची तुलना करूनच सांगता येतं.